नव्या गावात शेजारून आलेली वाटी: खावी की नाही, हे कसे ठरवावे

बदलीच्या नोकरीमुळे बावीस वर्षांत मी सहा गावांत राहिले, आणि प्रत्येक गावात माझे सामान अजून खोक्यांतच असताना कोणीतरी झाकलेले भांडे घेऊन दारात आले. लातूरला धपाटे आले, चिपळूणला घावन आणि नारळाचा गोड रस आला, जळगावला भरीत आणि कळण्याची भाकरी आली. आणणाऱ्यांपैकी एकाचेही नाव तेव्हा मला ठाऊक नव्हते. शिक्षण, नोकरी किंवा लग्नाच्या निमित्ताने जे पहिल्यांदाच परक्या गावात घर मांडत आहेत, त्यांच्यासमोर हा प्रसंग पहिल्या पंधरवड्यातच येतो. आलेले सगळे डोळे मिटून खाणे आणि दार लावताच सगळे कचऱ्यात टाकणे, या दोन्ही गोष्टी मी केलेल्या आहेत आणि दोन्हींचा मला पश्चात्ताप झालेला आहे. म्हणून या काळात जी पद्धत हळूहळू बसली, ती येथे क्रमाने मांडत आहे.

पहिली पायरी: घेणे आणि खाणे वेगळे ठेवा

दारात उभ्या असलेल्या माणसाकडून वाटी घेणे हा एक निर्णय आहे आणि वाटीतले खाणे हा दुसरा. पहिला निर्णय दारातच, हसतमुखाने आणि बहुतेक वेळा होकाराचा असावा. दुसरा स्वयंपाकघरात, झाकण काढून आणि शांतपणे घ्यायचा आहे. दारात उभ्या उभ्या दोन्ही निर्णय घेण्याची घाई केली, की माणूस एकतर भिडेपोटी खातो किंवा भीतीपोटी तुसडेपणा करतो. वाटी हातात घेताना एवढेच विचारा, “काकू, वास किती छान येतोय, आत्ताच केलंत का?” सांगणाऱ्याला हा प्रश्न कौतुकाचा वाटतो, आणि तो खरोखर कौतुकाचाच असावा. पण त्याच्या उत्तरात पुढच्या निर्णयाला लागणारी निम्मी माहिती असते. “हो, बघा ना, कढईतून थेट तुमच्याकडे,” हे एक उत्तर आहे आणि “काल भिशी होती, त्यातलं उरलं होतं,” हे दुसरे.

दुसरी पायरी: माणसाला बाजूला ठेवून पदार्थाकडे पाहा

ही पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, म्हणून तिच्यावर थोडे अधिक लिहिते. अनोळखी घरचे खावे की नाही, हा प्रश्न आपल्याकडे कधीच केवळ पोटाच्या आरोग्याचा नव्हता. कोणाच्या हातचे चालते आणि कोणाच्या हातचे चालत नाही, या नियमांवर आपल्या समाजातील उतरंड शतकानुशतके उभी होती. मुंबईत १८४९ मध्ये सुरू झालेल्या परमहंस सभेत नव्या सभासदाला परधर्मीयाने भाजलेला पाव खावा लागे, कारण जातीचे बंधन मोडल्याचा त्याहून स्पष्ट पुरावा त्या काळी दुसरा नव्हता. पुण्यात १८९० मध्ये पंच हौद या ख्रिस्ती मिशनमधील चहापानाला टिळक आणि रानडे यांच्यासह शहरातील प्रतिष्ठित मंडळी हजर राहिली, त्यांची नावे छापून आली आणि एका कप चहावरून प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट गेली. हे आपल्यापासून फार दूर नाही. आज जात हा शब्द उच्चारला जात नाही, पण “त्यांच्याकडे जरा स्वच्छता कमीच असते” हे वाक्य नव्या भाडेकरूला पहिल्याच आठवड्यात ऐकवले जाते, आणि ते बहुतेक वेळा ओटा पाहून नव्हे, तर आडनाव ऐकून बोललेले असते.

एका गावी माझ्या घरमालकीणबाईंनी कोणत्या तीन घरांतून काही घ्यायचे आणि कोणत्या दोन घरांतून घ्यायचे नाही, हे मला आपुलकीनेच समजावून सांगितले होते. त्या वर्षीच्या कोजागरीला त्यांनी सुचवलेल्या तिघांपैकी एका घरी आम्ही गच्चीवर जमलो. ते घर अतिशय आतिथ्यशील आणि काटेकोर सोवळ्याचे होते. मसाला दूध संध्याकाळी सहाच्या सुमारास आटवून झाले होते. ते मोठ्या पातेल्यात झाकून ठेवले गेले आणि चंद्र डोक्यावर येईपर्यंत, म्हणजे जवळजवळ सहा तास, तसेच कोमट राहिले. मध्यरात्री पुन्हा थोडे गरम करून सर्वांना दिले. पहाटे तीनपर्यंत आमच्यापैकी सात जणांना उलट्या सुरू झाल्या होत्या. डॉक्टरांनी सांगितले, की इतक्या लवकर त्रास होतो तेव्हा जंतूंनी पदार्थात आधीच तयार केलेले विष हे बहुधा कारण असते, आणि अशी काही विषे पुन्हा उकळूनही नष्ट होत नाहीत.

त्या घरात अस्वच्छता मुळीच नव्हती. स्नान करून शिजवणे, ताजे खाणे, उष्ट्या हाताने न शिवणे या सोवळ्यातील सवयी पोटासाठी चांगल्याच आहेत. परंतु सोवळे दुधाचे तापमान मोजत नाही. आणि ज्या दोन घरांबद्दल मला सावध केले गेले होते, त्यांपैकी एका घरची गरम भाकरी आणि ठेचा मी पुढे दोन वर्षे खाल्ला, त्याचा मला एकदाही त्रास झाला नाही. आडनाव, धर्म, घराचा आकार, दारातल्या चपला किंवा मिश्राहारी-शाकाहारी ही ओळख यांवरून पदार्थ सुरक्षित आहे की नाही, हे कळत नाही. आपण स्वतः मांसाहार करत नसाल तर पदार्थात काय आहे ते जरूर विचारावे, तो आपला अधिकार आहे. मात्र त्याला स्वच्छतेचे नाव देऊ नये.

तिसरी पायरी: चार गोष्टी जाणून घ्या

पदार्थ कधी केला, केल्यापासून तो कसा ठेवला, त्यात काय काय आहे आणि आपल्या घरी तो कोण खाणार आहे, एवढ्या चार गोष्टी कळल्या की निर्णय घेता येतो.

पहिल्या दोन गोष्टींमागचे कारण सोपे आहे. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात. म्हणून शिजवलेले अन्न एकतर वाफाळते ठेवावे किंवा फ्रिजमध्ये ठेवावे आणि मधल्या कोमट अवस्थेत दोन तासांपेक्षा जास्त राहू देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर ही मुदत एकच तास धरावी. नागपूर-अकोल्याकडचा मे महिना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना सकाळी दहाला केलेल्या वरणाचे दुपारी दोनपर्यंत काय होते ते सांगायला नको. पावसाळ्यात कोकणात ऊन नसले तरी दमटपणा असतो आणि बुरशी तिथे आपले काम करते. आलेला पदार्थ लगेच खायचा नसेल तर तो ओट्यावर न ठेवता थेट फ्रिजमध्ये ठेवावा. प्रमाण जास्त असेल तर पसरट डब्यांत विभागून ठेवावा, कारण मोठ्या पातेल्याचा मध्यभाग फ्रिजमध्येही तासन्‌तास कोमट राहतो. खाताना रस्सा किंवा आमटी खळखळून उकळावी. मात्र उकळणे हा उशिरा आलेल्या किंवा दिवसभर बाहेर राहिलेल्या पदार्थावरचा इलाज नाही, हे कोजागरीच्या अनुभवावरून मी कायमचे शिकले.

वास आणि चव यांवर फार विसंबू नये, हेही येथेच सांगते. आंबलेला, फेस आलेला, तार सुटलेला किंवा बुरसटलेला पदार्थ टाकावाच. पण ज्या पदार्थाने माणूस सर्वांत जास्त आजारी पडतो त्याला पुष्कळदा काहीही वास येत नाही. “चाखून बघते आणि ठरवते” ही पद्धत म्हणून निरुपयोगी आहे.

चौथी पायरी: पदार्थाची जात ओळखा

जात हा शब्द मला फक्त येथेच मान्य आहे. कोरडा, आंबट, खारवलेला किंवा कढईतून नुकताच निघालेला पदार्थ सहसा निर्धास्त खावा. ओला, दुधाचा, ओल्या खोबऱ्याचा आणि न शिजवलेला पदार्थ विचार करून खावा. बहुतेक निर्णय एवढ्या विभागणीने होतात, पण तपशील माहीत असलेले बरे.

दिवाळीचे फराळ हा नवख्या माणसासाठी सर्वांत सोपा प्रसंग आहे. चकली, शेव, शंकरपाळे, पोह्यांचा चिवडा आणि बेसनाचे लाडू यांत पाणी जवळजवळ नसते, त्यामुळे जंतूंना वाढायला वाव मिळत नाही. पाच अनोळखी घरांतून पाच ताटे आली तरी ती मन मोकळे करून खावीत. बिघडते ते तेल, आणि ते खवट वासावरून लगेच कळते. फक्त रव्याच्या लाडवात ओला नारळ आहे का आणि करंजीचे सारण ओल्या खोबऱ्याचे आहे की सुक्या, एवढे विचारावे. ओल्या नारळाचा पदार्थ त्याच दिवशी किंवा फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी संपवावा. गणपतीतल्या मोदकांनाही हेच लागू आहे. उकडीचा मोदक दुपारच्या जेवणापुरता असतो, सुक्या खोबऱ्याचा तळणीचा मोदक मात्र विसर्जनापर्यंत टिकतो. संक्रांतीची गुळाची पोळी आठवडाभर राहते, पण होळीच्या पुरणाच्या पोळीकडून तशी अपेक्षा करू नये, कारण पुरणात ओलावा असतो.

दुधाच्या पदार्थांबाबत मी आता कडक झाले आहे. बासुंदी, खीर, रबडी, खव्याची मिठाई आणि पनीर हे फ्रिजमधून थंडगार आले किंवा माझ्यासमोर विस्तवावरून उतरले तरच खाते. श्रीखंड आंबट असल्याने थोडे सोशीक असते, तरी थंडच असावे. कोणी आपुलकीने खरवस आणला तर तो चांगला वाफवून घट्ट झालेला आहे ना आणि थंड आहे ना, ते पाहावे. शेजारी गाय व्याल्यावर चीक वाटण्याची पद्धत अजून अनेक गावांत आहे आणि ती फार गोड पद्धत आहे, पण कच्चा चीक किंवा न तापवलेले दूध कोणीही दिले तरी ते घरी आणून उकळल्याशिवाय वापरू नये.

भात निरुपद्रवी दिसतो आणि म्हणूनच फसवतो. भातातील एका प्रकारच्या जंतूंचे बीजाणू शिजवल्यावरही जिवंत राहतात आणि भात रात्रभर ओट्यावर राहिला की वाढून असे विष तयार करतात, जे फोडणी दिल्यावरही तसेच राहते. सकाळी शेजारून फोडणीचा भात आला तर रात्रीचा भात फ्रिजमध्ये होता का, हे विचारायला संकोच करू नका. मसालेभात किंवा मटणाचा रस्सा लग्नाघरून मोठ्या डेगीतला आला असेल, तर मांडव उठून किती वेळ झाला याचा अंदाज घ्यावा.

कोशिंबीर, ओल्या खोबऱ्याची चटणी, ताक, पन्हे, सरबत आणि सोलकढी यांना विस्तव लागलेला नसतो, किंवा लागला तरी नंतर पाणी घातलेले असते. येथे खरा प्रश्न करणाऱ्याच्या हाताचा आणि पाण्याचा आहे. विषमज्वर आणि ‘अ’ व ‘ई’ प्रकारची कावीळ दूषित पाण्यातून पसरते. नव्या गावातले पाणी कुठून येते, लोक ते उकळतात की गाळतात, हे कळेपर्यंत पहिले काही आठवडे मी बर्फ घातलेली पेये टाळते आणि तसे सरळ सांगते. कोकणात बांगड्याचे कालवण आले, तर मासा त्याच दिवशी बाजारातून आणला का, हे विचारणे अजिबात वावगे नाही, तिथे तो प्रश्न सगळेच विचारतात. उन्हात राहिलेल्या बांगड्यात असे द्रव्य तयार होते, की ते शिजवूनही जात नाही आणि खाल्ल्यावर तासाभरात अंग लाल होऊन खाज सुटते.

लोणचे, पापड, कुरडया, सांडगे, लसणाची कोरडी चटणी आणि कारळाची चटणी बिनधास्त घ्यावी. आपल्या आज्यांनी मीठ, ऊन, तेल आणि आंबटपणा यांच्या आधाराने हे शास्त्र फार पूर्वी बसवले आहे. लोणच्यावर तेलाचा थर असावा आणि आपण त्यात ओला चमचा घालू नये. अपवाद एकच आहे: कच्चा ओला लसूण नुसत्या तेलात बुडवून बाहेर ठेवलेली बरणी घेऊ नये, कारण हवाबंद आणि आंबट नसलेल्या तेलात अत्यंत घातक विष तयार होण्याचा धोका असतो.

पावसाळ्यात रानभाज्या वाटल्या जातात. जाणत्या बाईने निवडून, शिजवून दिलेली टाकळ्याची किंवा फोडशीची भाजी हे मोठे भाग्य समजावे. पण रानातली अळंबी केवळ हौसेने गोळा करणाऱ्याकडून घेऊ नये, कारण विषारी आणि खाण्याजोगी अळंबी यांतला फरक तज्ज्ञांनाही चकवतो. दुधीची भाजी किंवा रस कडू लागला तर पहिल्या घासालाच थांबावे. तो कडूपणा करणाऱ्याची चूक नसते, पण तो विषारी असू शकतो.

पाचवी पायरी: घरात कोण आहे ते पाहा

धडधाकट माणसाला जे एका रात्रीच्या त्रासावर निभावते, तेच तान्ह्या बाळाला, गर्भवतीला, वृद्धांना, मधुमेही किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना फार महागात पडू शकते. म्हणून वाटीतले सर्वांनी खाल्लेच पाहिजे असे नाही. एक वर्षाच्या आतील बाळाला मध अजिबात देऊ नये, कारण त्यातील बीजाणूंमुळे बाळाला पक्षाघातासारखा गंभीर आजार होऊ शकतो. शेजारच्या आजी प्रेमाने बाळाच्या ओठांना पंचामृताचे बोट लावतात तेव्हा त्यात मध आणि न तापवलेले दूध दोन्ही असते, हे आपल्या लक्षात येत नाही. “आजी, डॉक्टरांनी वर्षाचा होईपर्यंत मध बंद सांगितलाय, त्याच्या वाटचं मी घेते,” असे म्हणून हात पुढे करावा. गर्भवतीला ‘ई’ प्रकारची कावीळ विशेष धोक्याची असते, त्यामुळे तिने बाहेरचे पाणी आणि कच्चे पदार्थ यांबाबत कसलीही भीड बाळगू नये.

ज्यांना शेंगदाण्याची ऍलर्जी आहे त्यांनी महाराष्ट्रात नव्याने येताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दाण्याचे कूट येथे साबुदाण्याच्या खिचडीत तर असतेच, पण काकडीच्या कोशिंबिरीत, भरल्या वांग्यात, पालेभाजीत आणि काही घरी आमटीतही असते, आणि करणारीला ते वेगळा घटक म्हणून आठवतही नाही. “यात काय काय आहे?” असे विचारले तर उत्तरात कूट येणार नाही. “यात दाण्याचं कूट आहे का? मला त्यानं श्वासाचा त्रास होतो,” असे नेमके विचारावे. तिळाची ऍलर्जी असणाऱ्यांनी संक्रांतीला हेच करावे.

प्रसाद आणि पंगत

प्रसाद नाकारणे अनेकांना जड जाते आणि ते मी समजू शकते. तळहातावर घेतलेला शिऱ्याचा लहानसा घास सहसा अडचणीचा नसतो. साजूक तुपातला, साखर जास्त असलेला गरम शिरा बऱ्यापैकी सुरक्षित असतो. शेकडो लोकांच्या पंगतीत मात्र वेळेचा आणि प्रमाणाचा प्रश्न मोठा होतो. उपवासाच्या भगरीबाबत तर विशेष दक्ष राहावे. भगरीत दमटपणामुळे बुरशी धरते, ती विष तयार करते, आणि एकादशी, महाशिवरात्र किंवा नवरात्र आले की महाराष्ट्रात भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या येतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात लोणार तालुक्यातील एका हरिनाम सप्ताहात भगर आणि आमटीचा प्रसाद घेतल्यावर इतके भाविक आजारी पडले, की दवाखान्यात खाटा पुरल्या नाहीत आणि रस्त्यावर दोरीला सलाइनच्या बाटल्या टांगून उपचार करावे लागले. घरी भगर करणाऱ्या शेजारणीला ती निवडून, धुऊन आणि चांगली भाजून घेतली का, हे विचारता येते. सुटे दळून आणलेले भगरीचे पीठ वापरले असेल तर मी नम्रपणे राजगिऱ्याच्या लाडवावर भागवते.

विकतचे घरगुती जेवण

एकटे राहणाऱ्यांना डबा लावावाच लागतो. घरून अन्न विकणाऱ्यांनाही अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ लागू आहे आणि त्यांच्याकडे एफएसएसएआयचा, म्हणजे भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा, चौदा अंकी नोंदणी क्रमांक असावा लागतो. तो विचारावा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे महिन्याचे पैसे देण्याआधी एकदा स्वयंपाकाच्या वेळी समक्ष जाऊन यावे. चांगल्या डबेवाल्या ताई आपले स्वयंपाकघर अभिमानाने दाखवतात. पिण्याचे पाणी, हात धुण्याची जागा, तळणीच्या तेलाचा रंग आणि डबा भरल्यापासून आपल्या हाती येईपर्यंतचा वेळ, एवढे पाहिले तरी पुरे.

प्रवासातला अनोळखी माणूस

माणूस बाजूला ठेवून पदार्थ पाहा, असे मी वर लिहिले. रेल्वेत आणि एसटीत हा नियम उलटा होतो. शेजारणीच्या दारावर नावाची पाटी असते आणि उद्याही ती तिथेच भेटणार असते. डब्यातला सहप्रवासी पुढच्या स्थानकावर उतरून जातो. गुंगीचे औषध घातलेला चहा, बिस्किट किंवा पेढा देऊन प्रवाशांना लुटण्याचे प्रकार खरे आहेत, आणि रेल्वे पोलीस त्याबद्दल वारंवार सूचना देतात. कुटुंब डबा उघडून स्वतः जेवत असताना त्याच डब्यातली पोळी पुढे करते, तो प्रवासाचा जुना आनंद आहे आणि तो मी सोडलेला नाही. परंतु एकटा माणूस फार आग्रह करत असेल, स्वतः तेच खात नसेल, पुडा आधीच फोडलेला असेल, किंवा आपण एकटे आणि रात्रीचे असू, तर “आभारी आहे, प्रवासात मी काही खात नाही,” असे म्हणून थांबावे. दुसऱ्यांदा आग्रह झाला तर कारण देत बसू नये, जागा बदलावी. येथे भीड मुळीच नको.

नकार कसा द्यावा

खोटे बोलू नका. “आज उपवास आहे” हे सर्वांत सोपे खोटे आहे आणि सर्वांत लवकर उघडे पडते, कारण शेजारीण दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा ताट घेऊन येते. खरे कारण लहान करून सांगावे: “वहिनी, मला रात्री दुधाचं पचत नाही, पण लोणचं मात्र मागून घेईन.” एक गोष्ट नाकारताना दुसरी मागितली की समोरच्याला आपण माणूस नाकारलेला नाही हे लगेच कळते. वाटी घेतल्यावर निर्णय नकाराचा झाला, तर ती मुकाट्याने टाकावी आणि चवीचे खोटे कौतुक न करता “तुम्ही आठवणीनं आणलंत, फार बरं वाटलं,” असे म्हणावे. हे वाक्य नेहमीच खरे असते.

एक गोष्ट कळकळीने सांगते. जे आपण धोक्याचे म्हणून खाणार नाही, ते घरकामाच्या मावशींना किंवा इमारतीच्या रखवालदाराला देऊ नये. त्यांचे पोट आपल्यापेक्षा वेगळे नसते, आणि आजारी पडल्यावर त्यांची रोजची मजुरीही बुडते.

त्रास झालाच तर

उलट्या-जुलाबांत पहिली काळजी पाणी कमी होण्याची असते. ओआरएसची पुडी तिच्यावर लिहिलेल्या प्रमाणात, साधारणपणे एक लिटर स्वच्छ पाण्यात, विरघळवून घोट घोट प्यावी. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. मीठ अंदाजाने जास्त टाकू नये. शौचात रक्त, खूप ताप, कित्येक तास लघवी न होणे, ग्लानी, एकाचे दोन दिसणे, गिळायला किंवा बोलायला त्रास, यांपैकी काहीही दिसले, किंवा रुग्ण लहान मूल, गर्भवती अथवा वृद्ध असेल, तर घरगुती उपाय करत न बसता दवाखाना गाठावा. गाडीची सोय नसेल तर १०८ वर रुग्णवाहिका मागवावी. काय खाल्ले आणि किती वाजता खाल्ले, हे डॉक्टरांना सांगावे. वाटीत काही उरले असेल तर ते झाकून फ्रिजमध्ये वेगळे ठेवावे.

आणि ज्यांनी दिले त्यांनाही सांगावे. कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही संकोचाने गप्प राहिलो, आणि त्या घरच्या आजोबांनी उरलेले दूध सकाळी घेतले. ते दोन दिवस दवाखान्यात होते. “तुमच्यामुळे झालं” असे न म्हणता “आम्हा सात जणांना रात्रीपासून त्रास होतोय, दूध उरलं असेल तर कोणी घेऊ नका,” एवढे फोनवर सांगितले असते तरी ते टळले असते.

भांडे परत करताना

शेजारचे भांडे आपल्याकडे रिकामे परत करत नाहीत. नव्या माणसाकडून मोठ्या पदार्थाची अपेक्षा कोणी करत नाही. चमचाभर साखर, चार केळी, गावाकडून आणलेल्या शेंगा किंवा चिवडा चालतो. पहिल्या वेळी कोरडाच पदार्थ द्यावा, कारण त्यांच्या घरात कोणाला काय चालते हे आपल्यालाही अजून माहीत नसते. भांड्यासोबत न विचारता सांगावे, “आज सकाळीच केलाय, यात दाणे आहेत, आणि आठ दिवस टिकेल.” भांडे आठ दिवसांच्या आत, स्वच्छ घासून, कोरडे करून आणि शक्यतो स्वतः जाऊन द्यावे. जळगावच्या त्या भरिताच्या डब्यातून मी शेंगदाण्याची चटणी परत पाठवली होती. चटणीत लसूण होता आणि त्यांच्या घरी चातुर्मासात लसूण चालत नव्हता, हे मला दारातच कळले. वहिनींनी डबा तरी ठेवून घेतला, “कार्तिकी एकादशी झाल्यावर खाऊ,” असे म्हणाल्या, आणि खरोखरच नोव्हेंबरात ती चटणी आवडल्याचे सांगायला वर आल्या.